आपल्याच गावातली पाहुणी : ॲना मे वाँग

अमेरिकेच्या टांकसाळीने २०२२ साली कर्तबगार अमेरिकन स्त्रियांच्या मालिकेतली पहिली पाच क्वार्टर नाणी काढली. त्यातल्या एकावर हनुवटीला हात टेकवून बसलेली एक तरुणी आहे. कपाळावर सरळ रेषेत कापलेले केस, लांब निमुळती बोटं आणि भोवती थिएटरच्या पाटीवर असतात तसे दिवे. अमेरिकन चलनावर झळकलेली ही आशियाई वंशाची पहिली अमेरिकन व्यक्ती. पार्किंग मीटरमध्ये किंवा लाँड्रीच्या मशीनमध्ये आपल्यापैकी कित्येकांनी ते नाणं न पाहताच टाकलं असेल. लाँड्रीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण या बाईंचं बालपण लॉस एंजेलिसमधल्या वडिलांच्या लाँड्रीतच गेलं.

तिचं नाव ॲना मे वाँग. जन्म ३ जानेवारी १९०५, मृत्यू ३ फेब्रुवारी १९६१. तिच्याबद्दल अलीकडे बरंच लिहिलं जातं आणि त्याचा सूर बहुतेक एकच असतो : वंशभेदामुळे हॉलिवूडने एका गुणी अभिनेत्रीवर अन्याय केला. हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण हे वाचून मनात हळहळ उरते आणि बाईंनी पडद्यावर नेमकं काय केलं ते बाजूलाच राहतं. गेल्या काही वर्षांत मी तिचे मिळतील तितके चित्रपट मिळतील तसे पाहिले. पाहता पाहता माझं मत असं झालं की वाँगला सहानुभूतीची गरज नाही, तिला प्रेक्षकांची गरज आहे. आणि तिची कहाणी परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना फार जवळची आहे, ती अन्यायामुळे नव्हे, वेगळ्याच कारणाने. त्या कारणाकडे मी येणारच आहे. आधी तिचं काम पाहू.

चित्रीकरण पाहत हिंडणारी ही लाँड्रीवाल्याची मुलगी १९१९ साली ‘द रेड लँटर्न’ चित्रपटात गर्दीतली एक म्हणून उभी राहिली. तीन वर्षांनी, वयाच्या सतराव्या वर्षी, तिला ‘द टोल ऑफ द सी’ मध्ये नायिकेचं काम मिळालं. दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीने चित्रित झालेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. कथा फ्रान्सिस मॅरियनची, दिग्दर्शन चेस्टर फ्रँकलिन यांचं. मूळ गोष्ट ‘मादाम बटरफ्लाय’ची, फक्त जपानऐवजी चीनमध्ये आणलेली. समुद्रातून वाहून आलेल्या अमेरिकन तरुणाला लोटस फ्लॉवर नावाची मुलगी वाचवते, त्याची बायको होते. तो तिला सोडून जातो. काही वर्षांनी तो परत येतो तेव्हा ती नवरीचा पोशाख घालून सामोरी जाते आणि त्याच्याबरोबर त्याची अमेरिकन बायको असते.

गोष्ट म्हणून यात आज काही दम नाही. पण शेवटाकडे लोटस फ्लॉवर आपला लहान मुलगा त्या बाईच्या स्वाधीन करते आणि मुलाला सांगते, हीच तुझी खरी आई, मी फक्त तुला सांभाळणारी दाई. मूकपटाच्या त्या काळात असा प्रसंग म्हणजे छाती पिटायची, हात वर करायचे, डोळे फिरवायचे, अशी रीत होती. सतरा वर्षांची वाँग यातलं काहीच करत नाही. ती मुलाकडे पाहत हसायचा प्रयत्न करते आणि ते हसू तिच्या चेहऱ्यावर टिकत नाही. बस्स, एवढंच. शंभर वर्षांनंतरही तो प्रसंग आपल्याला गप्प करतो. या चित्रपटाची शेवटची दोन रिळं हरवली होती. १९८५ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संग्रहालयाने चित्रपट दुरुस्त केला तेव्हा जुन्याच पद्धतीच्या कॅमेऱ्याने समुद्र पुन्हा चित्रित करून शेवट जुळवला.

एवढं यश मिळाल्यावर पुढे काय व्हायला हवं होतं? काय झालं ते समजायला त्या काळची व्यवस्था समजून घ्यायला हवी. आम्ही कॉम्प्युटरवाले म्हणतो तसं, दोष एखाद्या माणसात नसून रिक्वायरमेंटमध्येच होता. कॅलिफोर्नियात गोऱ्या व्यक्तीने चिनी वंशाच्या व्यक्तीशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. ती थेट १९४८ साली न्यायालयाच्या निकालाने उठली. १९३० साली चित्रपटसृष्टीने स्वतःसाठी जी आचारसंहिता केली आणि १९३४ पासून कडक पाळली, तिच्यातही मिश्र संबंध दाखवायला मनाई होती. शब्द गोऱ्या-काळ्यांबद्दलचे होते, पण स्टुडिओ तोच नियम आशियाई माणसांनाही लावत. आता गणित करा. नायक गोराच असणार. नायिकेला शेवटी नायक मिळायला हवा. वाँगला तो मिळू शकत नाही. म्हणजे वाँग नायिका होऊ शकत नाही. झालीच, तर शेवटच्या रिळात तिला मरायला हवं. त्यामुळे ती मरत गेली. कधी समुद्रात, कधी सुरीने, कधी विषाने. माझ्या थडग्यावर ‘ही हजार वेळा मेली’ असं लिहा, असं ती पुढे विनोदाने म्हणत असे.

१९२४ च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ मध्ये डग्लस फेअरबँक्ससमोर ती कारस्थानी मंगोल दासी होती. भूमिका छोटी, पण पडद्यावर ती आली की नजर तिच्यावरच जाते. त्यानंतर मात्र तिच्यापुढे एक विचित्र प्रकार वारंवार आला. ‘मिस्टर वू’ (१९२७) मध्ये चिनी नायिका झाली फ्रेंच वंशाची रेने अडोरे. ‘द क्रिमझन सिटी’ (१९२८) मध्ये चिनी नायिका झाली मॉन्टाना राज्यातली मर्ना लॉय. खरी चिनी वंशाची वाँग दोन्हीकडे दुय्यम भूमिकेत. १९२८ साली कंटाळून ती युरोपला गेली.

इथे एक कागद आठवतो. तिच्या आजोबांची पिढी १८५०च्या दशकात अमेरिकेत आली होती. तिचे वडील अमेरिकेत जन्मले, ती स्वतः अमेरिकेत जन्मली. तरीही १८८२ च्या चिनी प्रतिबंधक कायद्यामुळे देशाबाहेर जाण्याआधी तिला एक फॉर्म भरून चौकशी करून घ्यावी लागे, म्हणजे परतताना दारात अडवणार नाहीत. त्या फॉर्मवर अर्जदाराचं वर्णन ‘चिनी वंशाचा कथित अमेरिकन नागरिक’ अशा अर्थाचं छापलेलं असे. कथित! एच-वन, आय-वन-फॉर्टी, ॲडव्हान्स पॅरोल या वाटेने गेलेल्या आपल्या मंडळींना सरकारी फॉर्म नवे नाहीत. पण आपण परके म्हणून आलो होतो आणि परके म्हणून फॉर्म भरले. तिला स्वतःच्या जन्मगावी परतण्यासाठी ते भरावे लागले. आपला इतिहासही यापासून लांब नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क नाकारला आणि तो १९४६ च्या कायद्याने मिळाला. चिनी लोकांवरचा प्रतिबंध १९४३ साली उठला होता.

युरोपने तिला मोठं केलं. बर्लिनमध्ये रिशार्ड आइशबर्गच्या ‘साँग’ (१९२८) मध्ये तिने मध्यवर्ती भूमिका केली. ती जर्मन शिकली. पुढे बोलपट आल्यावर एकच चित्रपट तिने इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत केला. आणि लंडनमध्ये तिने तो चित्रपट केला जो माझ्या मते तिचा सर्वोत्तम आहे, ई. ए. ड्यूपॉन्ट दिग्दर्शित ‘पिकॅडिली’ (१९२९). लेखन कादंबरीकार आर्नल्ड बेनेट यांचं.

मी ‘पिकॅडिली’ पाहिला तो ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ च्या सुमारास दुरुस्त केलेल्या प्रतीवरून. लंडनच्या एका झगमगत्या नाइटक्लबमध्ये एक गिऱ्हाईक मळक्या बशीची तक्रार करतं. (हे गिऱ्हाईक म्हणजे तरुण चार्ल्स लॉटन. दोन मिनिटांत धमाल करून जातो.) मालक विल्मट जाब विचारायला खाली मोरीत उतरतो आणि पाहतो तर भांडी घासणाऱ्या सगळ्या बाया काम सोडून उभ्या आहेत आणि शोशो नावाची चिनी मुलगी टेबलावर चढून नाचते आहे. पायमोजे फाटलेले, कपडे साधे. वाँग इथे जे करते त्याला नाच म्हणणंही कठीण आहे. खांदे आणि कंबर किंचित हलतात, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. वर क्लबमध्ये गिल्डा ग्रे आपली सगळी ताकद लावून नाचते, तिची आपल्याला दमणूक जाणवते. ही मात्र स्वतःपुरती नाचते. चित्रपट सगळा या फरकावर उभा आहे आणि हा फरक संवादाशिवाय कळतो.

दुसरा प्रसंग लंडनच्या पूर्व भागातल्या दारूच्या गुत्त्यातला. मालक आणि शोशो तिथे गेलेले असतात. एक काळा माणूस एका गोऱ्या बाईबरोबर नाचू लागतो, गुत्त्याचा मालक नाच थांबवतो, लोक ओरडू लागतात, त्या माणसाला बाहेर काढतात. कॅमेरा शोशोकडे वळतो. तिला आपलं भविष्य दिसलं आहे आणि ते शेजारच्या माणसाला कळू द्यायचं नाही, हे दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आहे. पुढे शोशोही मरतेच. पण मरण्याआधी ती महत्त्वाकांक्षी, हिशेबी, थोडी निर्दय, थोडी पोरकट अशी पुरी बाई होऊन जाते. ही बिचारी नाही. हॉलिवूडने तिला एवढी जागा कधी दिली नव्हती.

त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर तिने ‘द सर्कल ऑफ चॉक’ हे नाटक केलं. सोबत तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए. प्रेक्षक मूक वाँगला पाहून मोहित झाले होते, तिने तोंड उघडलं आणि आतून कॅलिफोर्नियाचे उच्चार बाहेर आले! समीक्षकांनी टिंगल केली. अर्थात उच्चार कॅलिफोर्नियाचेच असणार, तिथेच ती जन्मली, शाळेत गेली. पण लोकांना डोळ्यांना दिसणारा चेहरा आणि कानांना ऐकू येणारी भाषा यांचा मेळ घालता येईना. तिने शिक्षक लावून ब्रिटिश उच्चार शिकून घेतले. सकाळच्या मीटिंगमध्ये क्लायंटशी एका आवाजात आणि रात्री पुण्याला आईशी दुसऱ्या आवाजात बोलणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही यातली मेहनत समजेल. तरी टीकाकार म्हणून सांगायला हवं की या शिकवणीचा तोटाही झाला. सुरुवातीच्या काही बोलपटांत ती वाक्यं फार जपून, काचेचं भांडं ठेवावं तशी ठेवते. मूकपटातला मोकळेपणा तिथे हरवतो.

‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’ (१९३१) मध्ये हे फार जाणवतं. चित्रपट सुमार. त्यातला व्यवहार मात्र सांगण्यासारखा आहे. वाँगचं नाव सर्वांत वर, तिला मिळाले ६,००० डॉलर. स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड त्यात खलनायक फू मांचू होतो आणि अर्धा चित्रपट होण्याआधीच मरतो, त्याला १२,००० डॉलर. बिलिंग रेट हा फक्त कामावर ठरत नाही हे आम्हा कन्सल्टंट मंडळींना माहीत असतं, पण इतका उघड हिशेब क्वचितच पाहायला मिळतो.

हाच ओलंड आणि हीच वाँग पुढच्याच वर्षी ‘शांघाय एक्सप्रेस’ (१९३२) मध्ये पुन्हा समोरासमोर आले. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, नायिका मार्लीन डीट्रिच, छायाचित्रणासाठी ली गार्म्सना ऑस्कर. यादवीने पेटलेल्या चीनमधून आगगाडी चालली आहे. एका डब्यात बदनाम समजल्या जाणाऱ्या दोन बायका, डीट्रिचची शांघाय लिली आणि वाँगची हुई फेई. बोर्डिंग हाउस चालवणारी एक म्हातारी येऊन आपल्या खानावळीच्या अब्रूची बढाई मारते. हुई फेई पत्त्यांवरून नजर न उचलता, अत्यंत सभ्य शब्दांत, तुमच्याकडे अब्रू म्हणजे काय समजतात याची मला कल्पना नाही, असं सुनावते. डीट्रिचला पिसं, जाळीचे बुरखे, प्रकाशाचे झोत, सगळं दिलं आहे. वाँगकडे साधा काळसर पोशाख आणि मोजकी वाक्यं. तरी दोघी एका चौकटीत असल्या की पारडं कुठे झुकेल सांगता येत नाही. बंडखोरांचा सेनापती हुई फेईवर बळजबरी करतो, नंतर ती त्याला भोसकून मारते आणि त्यामुळे गाडीतले सगळे सुटतात. लिली आभार मानू पाहते तेव्हा ती सांगते की हे तुझ्यासाठी केलं नाही, त्याचं माझं देणं होतं ते फिटलं. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. आणि या चित्रपटात ती मरत नाही!

आता येतो तो प्रसिद्ध घाव. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ या कादंबरीवर एमजीएम स्टुडिओ चित्रपट काढणार होता. शेतकरी वांग लुंग आणि त्याची सोशिक बायको ओलान. या भूमिकेसाठीच वाँगचा जन्म झाला असं अनेकांना वाटत होतं. नायक म्हणून पॉल म्यूनी ठरला आणि ओलानची भूमिका गेली जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रायनरकडे. १९३७ च्या त्या कामासाठी रायनरला ऑस्कर मिळालं. वाँगकडे विचारणा झाली ती घर मोडणाऱ्या दुसऱ्या बाईच्या भूमिकेसाठी. तिचं म्हणणं असं होतं की सगळे चिनी गोऱ्या नटांनी करायचे आणि चिनी रक्ताच्या मला तेवढी एकच वाईट बाई करायला सांगता, हे मला मान्य नाही.

इथे मराठी प्रेक्षकाच्या मनात एक रास्त शंका येते. बालगंधर्वांच्या शालूची आणि चालण्याची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली. पुरुषाने स्त्री उभी केली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. परकायाप्रवेश हाच जर नटाचा धर्म, तर जर्मन बाईने चिनी शेतकरीण केली म्हणून बिघडलं कुठे? मी ‘द गुड अर्थ’ या शंकेसह दोनदा पाहिला. रायनरचं काम प्रामाणिक आहे, तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. बिघडलं ते दुसरीकडे. हे दार एकाच बाजूने उघडत होतं. जर्मन, स्वीडिश, फ्रेंच, कोणीही चिनी होऊ शकत होतं. पण लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली वाँग ऑफिसात टायपिंग करणारी साधी अमेरिकन मुलगी होऊ शकत नव्हती. इतरांना अभिनय करायची मुभा होती, तिला फक्त ‘असायची’. इथेच जन्मलेली माझी मुलगी माझ्याबरोबर यातले दोन-तीन चित्रपट पाहायला बसली होती. तिने सहज विचारलं, “बाबा, हिला कधी नुसती कॉलेजात जाणारी मुलगी का नाही करू दिली?” इतक्या पुस्तकांत मला हा मुद्दा इतका सरळ मांडलेला आढळला नाही.

त्याच काळात मुंबईत १९११ साली जन्मलेली मर्ल ओबेरॉन हॉलिवूडमध्ये बड्या नायिकांच्या भूमिका करत होती, १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. ते कसं शक्य झालं? आपलं मिश्र भारतीय मूळ लपवून, जन्म टास्मानियातला असं सांगून. ते खोटं तिला मरेपर्यंत सांभाळावं लागलं. वाँगचा चेहरा लपण्यासारखा नव्हता आणि तिने आडनावही बदललं नाही.

ओलान हातची गेल्यावर १९३६ साली वाँग प्रथमच चीनला गेली. तिथे तरी ती घरची ठरावी? तिला घरात बोलली जाणारी दक्षिणेकडची बोली येत होती, शांघायमध्ये दुभाष्या घ्यावा लागला. आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी, वृत्तपत्रांनी तिला धारेवर धरलं की तू पडद्यावर चीनची बदनामी करतेस. ज्या भूमिका तिला नकोशा होत्या त्यांचाच जाब तिला विचारला गेला. ना घरची ना घाटाची.

मी सुरुवातीला म्हटलेलं कारण हेच. हॉलिवूडला हवी होती ‘चिनी’ वाँग. चीनलाही हवी होती ‘चिनी’ वाँग, फक्त जरा चांगल्या नमुन्याची. दोघांचाही हट्ट तोच होता, तू आम्हाला आमच्या मनातलं चित्र करून दाखव. आपल्या मुलांना शाळेत ‘तू मूळची कुठली?’ असं विचारतात तेव्हा आपल्याला राग येतो आणि तो योग्यच आहे. पण सुट्टीत भारतात गेल्यावर चार नातेवाइकांसमोर ‘म्हणून दाखव बघू श्लोक’ आपणच म्हणतो. गणेशोत्सवात नऊवारी नेसून नाचणाऱ्या पोरींना टाळ्या मिळाव्यातच, मीही वाजवतो. फक्त एवढंच वाटतं की त्याच पोरी एरवी जे काही करतात, वादविवाद, बास्केटबॉल, कंटाळा, त्यांनाही आपण तितक्याच कौतुकाने पाहतो का?

चीनहून परतल्यावर वाँगला पॅरामाउंट स्टुडिओत काही वेगळं काम मिळालं. ‘डॉटर ऑफ शांघाय’ (१९३७) हा रॉबर्ट फ्लोरी दिग्दर्शित तासाभराचा, कमी खर्चाचा चित्रपट. त्यात ती वडिलांच्या खुनाचा छडा लावणारी धाडसी मुलगी आणि सरकारी गुप्तहेर फिलिप आन, कोरियन वंशाचा अमेरिकन नट. दोघं आशियाई चेहऱ्याची, दोघं नायक-नायिका, आणि शेवटी दोघांचं जमतं. १९३७ साली हे अघटितच होतं. ‘किंग ऑफ चायनाटाउन’ (१९३९) मध्ये ती शल्यविशारद आहे. हे चित्रपट घाईत केलेले, कथा ठिगळांच्या, आणि वाँगकडून ‘पिकॅडिली’सारखा क्षण इथे मिळत नाही. सन्मानाची भूमिका आली तेव्हा पैसा आणि वेळ नव्हता, पैसा आणि वेळ होता तेव्हा भूमिका नव्हती. तिच्या कारकिर्दीचं खरं दुःख मला यात दिसतं. पण या चित्रपटांत ती मोकळी, हसरी, कोणाला काही सिद्ध न करणारी अशी दिसते.

पुढे युद्धकाळात तिने चीनच्या मदतीसाठी पैसा आणि वेळ दिला. १९५१ साली ‘द गॅलरी ऑफ मादाम लिऊ-त्सोंग’ या टीव्ही मालिकेची ती नायिका झाली. मालिकेच्या नावातलं लिऊ-त्सोंग हे तिचंच जन्मनाव. आज त्या मालिकेची एकही प्रत उरलेली नाही. १९६० साली हॉलिवूडच्या पदपथावर तिच्या नावाचा तारा बसला. ‘फ्लॉवर ड्रम साँग’ या बहुतेक आशियाई नटांच्या चित्रपटात ती काम करणार होती, त्याआधीच छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेली.

ज्यांना पाहायचं आहे त्यांनी माझ्या मते ‘शांघाय एक्सप्रेस’पासून सुरुवात करावी, मग ‘पिकॅडिली’. ‘द टोल ऑफ द सी’ तासाभराचा आहे, मूक आहे, त्यामुळे घरात आजी-आजोबा आले असतील तर तेही बसतील, इंग्रजीची अडचण नाही. ‘डॉटर ऑफ शांघाय’ मुलांबरोबर पाहावा. चित्रपट म्हणून तो साधाच आहे. मुलांना त्यात विशेष काही वाटलं नाही, एक मुलगी आणि एक मुलगा चोर पकडतात एवढंच वाटलं, तर फारच छान.